मताचे वतन मोडून काढा!

गिरणीकामगार बंधू-भगिनींनो,

हल्ली चाळीत आणि वाडीवर एकच गाऱ्हाणे ऐकू येते : पोरगं ऐकत नाही! बाप ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा पोरगा नाही. चुलता ज्या पुढाऱ्याच्या सभेला फुकटच्या गाडीत बसून जातो, तिकडे हा फिरकत नाही. बोलवायला आलेल्या माणसालाच उलट विचारतो, "का म्हणून?" मग घरात वाद, भावकीत कुजबुज आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच निकाल : पोरगं बिघडलं!

आमचे म्हणणे रोखठोक आहे. पोरगं बिघडलेलं नाही, जागं झालंय. बिघडले आहेत ते, ज्यांना त्याचा हा ‘का’ सोसत नाही. आणि ज्यांना तो सोसत नाही, त्यांची नावे-गावे तपासून पाहिली तर ध्यानात येईल की पोराच्या गप्प बसण्यावरच त्यांची दुकाने चालली आहेत.

हे आम्ही श्रीरामपूर तालुक्याकडे बोट दाखवून सांगतो. तुम्ही म्हणाल, श्रीरामपूर म्हणजे ऊस, साखर आणि बाजारपेठ. सूत काढणाऱ्याचा, साचा चालवणाऱ्याचा तिथे काय संबंध? संबंध आहे! नगर जिल्ह्यातली काही माणसे घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांत राबली, मागे राहिलेली उसाच्या मळ्यात राबली. इकडे जॉबर, तिकडे मुकादम. इकडे पाळीचा भोंगा, तिकडे गळिताचा. माणूस तोच, घाम तोच, आणि त्याच्या मतावर डोळा ठेवणारेही त्याच जातकुळीचे.

हरेगावची परिषद आणि आजचे वतनदार

श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे. तिथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. त्याच हरेगावात १६ डिसेंबर १९३९ रोजी महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. विषय होता वतनाचा. ‘वतन’ या शब्दाला मोठा डौल आहे. पण खालच्या वतनदाराच्या पदरात त्यातून काय पडत होते? जमिनीचा एखादा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात गावाची नि सरकारची पडेल ती चाकरी. बापाने केली म्हणून पोराने करायची, पोराने केली म्हणून नातवाने. जन्माला येणाऱ्या पोराला कुणी विचारत नव्हते, बाबा रे, तुला हे करायचे आहे का? वर सरकारने त्या जमिनीवरची जुडी वाढवली. म्हणजे चाकरी तीच आणि भुर्दंड जास्त!

पुढे १९५८ साली ही कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला. कागदावरचे वतन मोडले. पण दुसरे एक वतन अजून शाबूत आहे. ते सातबाऱ्यावर सापडणार नाही, तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद मिळणार नाही. ते आहे मताचे वतन! आजा एका चिन्हावर शिक्का मारत होता म्हणून बापाने मारला, बापाने मारला म्हणून पोराने बटण दाबायचे. ‘हे घराणे साहेबांचे’, ‘ती वाडी आपली’, ‘ती आळी त्यांची’ असे हिशेब निवडणुकीच्या आधी मांडले जातात ना? ते माणसांचे हिशेब नव्हेत. उसाच्या मोळ्या मोजाव्यात तशी ती मोजणी आहे. आणि मोळी कधी ‘का’ म्हणून विचारीत नाही, म्हणून ती मोजणाऱ्याला आवडते!

या नव्या वतनदारांचा तरुणांवर एक ठरलेला आक्षेप असतो : "अजून लहान आहेस, शिकायचं बघ, राजकारण तुझं काम नाही." वा रे न्याय! रात्रभर पोस्टर चिकटवायला हा मोठा. मोटारसायकलच्या मिरवणुकीत पुढे राहायला मोठा. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फलक लावायला, घोषणा देऊन घसा फोडायला, वेळ पडली तर डोके फोडून घ्यायलाही मोठा. फक्त प्रश्न विचारायला लहान! झेंडा धरायला मोठा आणि तोंड उघडायला लहान, असे वय कोणत्या पंचांगात सापडते, ते आम्हाला एकदा दाखवा.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळत होता. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून तो अठराव्या वर्षी मिळू लागला. म्हणजे देशाची घटना म्हणते, अठराव्या वर्षी माणसाला कळते. पुढारी म्हणतो, कळत नाही. दोघांपैकी खरे कोण, हे आम्ही सांगायला पाहिजे काय?

काही जण निराळ्या सुरात सांगतात, "मजुराच्या पोराला काय कळायचं!" त्यांनी अण्णाभाऊ साठ्यांकडे पाहावे. १९२० साली वाटेगावात जन्म, शाळा जवळपास नाहीच, घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेली, गिरणीत काम केलेले. अक्षर ओळख स्वतःच्या धडपडीने करून घेतली. आणि १९४४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करून सबंध महाराष्ट्र हलवला. त्यांना मत कुणी दिले? कुठल्या साहेबाने? मत त्यांनी कमावले, जसा कामगार पगार कमावतो तसे.

गप्प बसण्याची किंमत

स्वतःचे मत नसले तर बिघडते काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही श्रीरामपूर भागातल्या खंडकऱ्यांची हकीकत सांगतो. इंग्रजी अमलात साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. प्रवरेच्या पाटपाण्यावर त्या जमिनींत ऊस डोलू लागला, आणि मूळ मालक बांधावरून बघत राहिला. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कंपन्यांकडच्या जमिनी सरकारने घेतल्या. आता तरी आपली जमीन आपल्याला मिळेल, असे खंडकऱ्याला वाटले. पण १९६३ साली शेती महामंडळ निघाले आणि जमिनी तिकडे गेल्या. जमिनीचे वाटप सुरू व्हायला २०१२ साल उजाडावे लागले! १९६१ ते २०१२. हिशेब करा : एक्कावन्न वर्षे! आजा वाट बघत गेला, बाप वाट बघत म्हातारा झाला, नातवाच्या हाती कागद आला.

या एक्कावन्न वर्षांत निवडणुका किती झाल्या? भाषणे किती झाली? मते मागायला कोण आले नाही? ज्यांनी "मोठ्या माणसांना कळतं, आपण बोलू नये" असे म्हणून मते दिली, त्यांच्या मतांनी जमिनीचा एक वाफाही हलला नाही. जमीन हलली ती मोर्च्यांनी, कोर्टकज्जांनी, कॉ. माधवराव गायकवाडांसारख्या माणसांनी शेतकऱ्याला वर्षानुवर्षे प्रश्न विचारायला लावल्यामुळे. आणि त्याच जमिनीवर राबलेल्या महामंडळाच्या मजुराचे काय, हा प्रश्नही विचारावा लागतो. तो न विचारता कुणी आपणहून उत्तर देत नाही. मुकाट्याने दिलेले मत म्हणजे कोरा कागद. त्यावर समोरचा वाटेल ते लिहितो.

माणूस मोठा, म्हणून निर्णय बरोबर?

आता आमच्या लढ्याकडे या. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू कैदेत होते. तिथेच त्यांनी भारताच्या शोधाचा मोठा ग्रंथ लिहिला. नगर जिल्ह्यातल्या माणसाला त्या किल्ल्याचा अभिमान, त्या कैद्याविषयी प्रेम. पण त्याच नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून सांगितले की मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात राहील. तेव्हा मराठी माणसाने काय करावे? ‘एवढा मोठा माणूस सांगतो, तेव्हा बरोबरच असेल’ म्हणावे? कित्येक पुढाऱ्यांनी तसेच म्हटले. महाराष्ट्रापेक्षा नेता मोठा, असे त्यांनी ठरवले.

पण गिरणगावाने तसे म्हटले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरण्या बंद ठेवून कामगार फ्लोरा फाउंटनकडे चालून गेला होता, आणि त्या दिवशी १५ जणांनी छातीवर गोळ्या घेतल्या होत्या. लढ्यातले हुतात्मे १०६ झाले. त्यांत गिरणीकामगार होते, विद्यार्थी होते, मिसरूड न फुटलेली पोरे होती. त्यांनी नेहरूंचा द्वेष केला नाही. त्यांनी नेहरूंचा निर्णय नाकारला. चिंतामणराव देशमुख तर त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. खुर्ची सोडता येते, पण पटत नसलेली गोष्ट पटली म्हणता येत नाही, हे त्यांनी दाखवले.

आणि १९५७ च्या निवडणुकीत नगर जिल्ह्याने काय केले? उसाच्या त्या मुलखातून, कोपरगाव मतदारसंघातून, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बी. सी. कांबळे लोकसभेवर गेले. जातीचा हिशेब मांडून बसलेल्यांची पाटीच पुसली गेली! हरेगावची परिषद आणि ही निवडणूक यांत अवघी अठरा वर्षे. म्हणजे १९३९ साली जन्मलेलं पोर तेव्हा कुठे अठरा वर्षांचे झाले होते. एवढ्या काळात एक मुलूख आपले मत आपण बनवायला शिकतो, तर तुमचा-आमचा पोरगा का शिकणार नाही?

माणसाला मान द्यावा आणि त्याचा निर्णय तपासावा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणारा एक तर भोळा, नाही तर लबाड.

एकी आणि मुकेपणा यांत फरक आहे

कामगारांमधूनच एक शंका निघते, आणि ती प्रामाणिक आहे. "जो तो आपापलं मत घेऊन बसला, तर एकी राहायची कशी? संप निघायचा कसा?"

उत्तर साच्यावरच आहे. ताण्यात हजारो धागे असतात. प्रत्येक धागा वेगळा, आपल्या जागी ताठ. म्हणून कापड होते. सगळे धागे एकत्र गुंडाळले तर त्याला गुंता म्हणतात, कापड नव्हे. कामगाराची एकी अशीच. सभेत प्रत्येकाने बोलावे, विरोधात बोलावे, मतदान व्हावे. ठरले की मग सगळ्यांनी मिळून पाळावे. जिथे आधी बोलूच दिले नाही, तिथे नंतर पाळायला लावणे ही शिस्त नव्हे, मुकादमी आहे.

गिरणीकामगाराने ही मुकादमी भोगली आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच प्रातिनिधिक संघटनेला मालकाशी बोलण्याचा हक्क दिला. कामगार कितीही वर्षे ओरडत राहिला की आमचा प्रतिनिधी कोण, ते गुप्त मतदान घेऊन आम्हाला ठरवू द्या. नाही ठरवू दिले! १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांत पगार होता, बदली कामगाराचा प्रश्न होता, तसाच हा कायदा रद्द करण्याची मागणीही होती. कामगाराला पोटाइतकेच स्वतःचे तोंडही हवे होते.

ज्या बापाने गुप्त मतदानाचा हक्क मागितला, त्यानेच घरी येऊन पोराला "मी सांगतो तिथे मत दे" म्हणावे? मालकापुढे जे मागायचे, ते घरात नाकारायचे? हे न्यायाचे नाही, भावांनो.

मराठी राज्य कशासाठी मागितले?

काही जणांना वाटते, आम्ही मराठी राज्य मागितले ते नुसत्या अभिमानासाठी. अभिमान होता, आहे. पण मूळ कारण साधे होते. कायदा, कोर्ट, कचेरी, शाळा या साऱ्यांचा कारभार आपल्या भाषेत चालला, तर कष्टकऱ्याला तो स्वतः वाचता येईल, दुभाष्याच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले ते यासाठी. पण सरकारी कागद मराठीत निघाला आणि तो वाचायचाच नाही, साहेब सांगतील तेच खरे मानायचे, तर १०६ जणांनी दिलेल्या प्राणांचे आम्ही काय केले?

ताजे उदाहरण घ्या. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा सरकारी आदेश १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला. ओरड झाली. मग १७ जून २०२५ रोजी सुधारित आदेश आला आणि सांगण्यात आले की आता सक्ती नाही. ज्यांनी नुसते ऐकले ते गप्प बसले. ज्यांनी कागद वाचला त्यांना दिसले की ‘अनिवार्य’ शब्द गेला, पण ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द येऊन बसला. दुसरी भाषा हवी असेल तर वीस विद्यार्थी जमवण्याची अटही आली. एका शब्दाचा फरक! तो वाचणाऱ्याला दिसला, आणि वाचणाऱ्यांनी इतरांना दाखवला. २९ जून २०२५ रोजी दोन्ही आदेश मागे घ्यावे लागले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरे. पण आधी कुणी तरी पूर्वेकडे बघावे लागते!

आणि इथे आम्ही एक गोष्ट ठासून सांगतो. स्वतःचे मत म्हणजे शेजाऱ्याचा द्वेष नव्हे. हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिथली प्रार्थना मराठीत चालते. मराठी ही एका धर्माची नाही, एका जातीची नाही. साच्यावर शेजारी उभा असलेला परप्रांतीय कामगार हा आपल्यासारखाच पगाराची वाट बघणारा माणूस आहे. आपले भांडण भाषा दडपणाऱ्या सत्तेशी आहे. जो पुढारी पोरांना सत्तेऐवजी त्या गरिबाच्या अंगावर सोडतो, त्यालाही पोरांनी विचारावे, "का म्हणून?"

हा प्रश्न आम्हालाही विचारा. होय, आमच्या व्यासपीठालासुद्धा! बेळगाव-कारवार-निपाणीच्या प्रश्नावर १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव नाकारले, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या मधल्या काळात कोणी काय केले, कोण नुसता निवडणुकीपुरता सीमेवर गेला, आज या सभेत बोलणाऱ्यांनी काय केले, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्या चळवळीला प्रश्नाची भीती वाटते, ती चळवळ राहत नाही. तिची जहागीर होते.

मग करायचे काय?

बापांनो, मायांनो, घरात पोराला आणि पोरीलाही बोलू द्या. पोरीला तर आधी! ‘नवऱ्याच्या घरी गेली की त्यांचं मत तिचं’ हे वतनाहून वाईट वतन आहे. तुम्हाला तिचे मत पटले नाही तर वाद घाला, पुरावा मागा. पण ताट काढून घेऊ नका आणि शपथा घालू नका.

तरुण मित्रांनो, मत बनवणे हे फुकटचे काम नाही. मोबाईलवर रात्री आलेला मजकूर सकाळी ओरडत सुटलात, तर तुम्ही साहेबाचे वतन सोडून दुसऱ्याच कुणाचे पत्करलेत, एवढाच त्याचा अर्थ. स्वतंत्र मत म्हणजे बापाच्या उलट मत असेही नव्हे. चौकशीअंती बापाचेच बरोबर ठरले, तर तसे म्हणायला लाजू नका. एका बाजूचे वर्तमानपत्र वाचलेत तर दुसऱ्या बाजूचेही वाचा. उमेदवार अर्जाबरोबर आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे खटले प्रतिज्ञापत्रात लिहून देतो; ते प्रतिज्ञापत्र वाचा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी कागद मागता येतो, मागा. ग्रामसभेत उभे राहा. नाव मतदार यादीत नसेल तर नमुना ६ भरा. आणि कुणीही काहीही सांगितले, तर त्याला चार गोष्टी विचारा : हे कशावरून? यात फायदा कुणाचा? मागच्या खेपेला काय बोलला होतास? आणि त्याचे काय झाले?

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे आपल्याकडे म्हातारी माणसेही सांगत आली. पण ती म्हण दोन पायांवर उभी आहे. जनाचे ऐकायचे, म्हणजे कान उघडे ठेवायचे. मनाचे करायचे, म्हणजे आधी मन तयार करायचे. एक पाय काढला की म्हण लंगडी होते.

कामगार बंधू-भगिनींनो, ज्यांनी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलल्या, त्यांना कुणी गाडीत घालून नेले नव्हते. ते पायी गेले, स्वतःच्या मताने गेले. त्यांचे नाव घेणाऱ्याने निदान आपल्या पोराला स्वतःच्या पायाने चालू द्यावे!

मत विकू नका! मत झाकू नका! दुसऱ्याच्या तोंडाने बोलू नका!

मताचे वतन मोडून काढा!

जय महाराष्ट्र!